धाब्यावरून उपग्रह ऐकायचा कसा : खान्देशातल्या नव्या हॅमसाठी

"उपग्रहावरून बोलायचंय, कोणता रेडिओ घेऊ?" असं विचारत हॅम (परवानाधारक हौशी रेडिओवाला) होऊ पाहणारा जो तो येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं : रेडिओ नंतर घ्या, आधी ऐकायला शिका. उपग्रहावरचा पास (उपग्रह आपल्या आकाशातून जातो तेवढा वेळ) बिघडतो तो कमी ताकदीच्या रेडिओमुळे नाही. ज्यांना खाली येणारा आवाज नीट ऐकू येत नाही आणि तरीही जे बटण दाबून बोलत सुटतात, त्यांच्यामुळे बिघडतो. एफएमच्या उपग्रहावर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तिथे न ऐकणारा एक माणूस दहा मिनिटांचा अख्खा पास वाया घालवतो. म्हणून या लेखातला बराचसा भाग ऐकण्याबद्दल आहे. दुसरा मोठा भाग सूर्याबद्दल आहे, कारण सूर्याला आपल्या सामानाच्या यादीत धरलं नाही, तर धडधाकट अँटेना उगाच मोडली जाते. मी तसं केलेलं आहे, ते पुढे सांगतो.

या कामाला खान्देश चांगला आहे. तापीचं खोरं सपाट, उत्तरेला सातपुडा लांब, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा लांब, मध्ये मोकळं आकाश. गावात अजून धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं आहेत, उन्हाळ्यात निम्मं गाव तिथेच अंथरूण टाकतं. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा हातातला रेडिओही तापून बसतो. त्या दिवसांत पहाटेचे आणि रात्रीचे पासच धरा. एक काळजी मात्र पहिल्याच दिवशी घ्या. धाब्याला कठडा नसतो. आकाशाकडे बघत, अँटेना फिरवत मागे सरकताना काठ कधी येतो ते कळत नाही. उभं राहायची जागा खडूने आखून घ्या आणि पास संपेपर्यंत त्या गोलाबाहेर पाऊल टाकू नका.

परवान्याचं काम आजच सुरू करा

ऐकण्याचा सराव चालू असतानाच कागदांना लागा, कारण त्यांना वेळ लागतो. बोलण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या परवान्यानेच मिळतो. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं गुन्हा आहे, मग ताकद अर्धा वॅट असो की पन्नास. परीक्षा दोन पातळ्यांची : रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेलं मूलही बसू शकतं. दोन्हींत प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम असतात. जनरलला त्यावर मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्सही यावं लागतं. रिस्ट्रिक्टेडचं कॉलसाइन (रेडिओवरचं तुमचं ओळखनाव) साधारणपणे व्हीयू-३ ने सुरू होतं, जनरलचं व्हीयू-२ ने. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर होतो. फी आणि कागदपत्रं त्या दिवशी पोर्टलवर जी दिसतील तीच खरी माना, कुणाच्या जुन्या सांगण्यावर जाऊ नका.

उपग्रहासाठी आपल्याला दोन पट्टे लागतात : १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. दुसरा पट्टा नीट पाठ करा. युरोप-अमेरिकेत तो आपल्यापेक्षा रुंद आहे, आणि तिकडच्या माहितीत ४३२ मेगाहर्ट्झवर बोला असं सर्रास लिहिलेलं असतं. आपल्याला तिथे बोलता येत नाही.

पास म्हणजे काय

आपले बहुतेक उपग्रह चारशे ते चौदाशे किलोमीटर उंचीवरून धावतात, एका जागी थांबत नाहीत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४२० किलोमीटरवर आहे आणि साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरा घालतं. क्षितिजावर उगवून दुसऱ्या क्षितिजाखाली जाईपर्यंतचा वेळ म्हणजे एक पास, फार तर दहा-अकरा मिनिटं. जळगाव-धुळ्याकडून दिवसाला स्थानकाचे चार-पाच पास मिळतात. त्यांतला एखाद-दुसराच उंचावरून जातो, बाकीचे क्षितिजाला घासून.

नवख्याने चाळीस अंशांच्या वर चढणारे पासच धरावेत. याला कारण आहे. डोक्यावर असताना स्थानक ४२० किलोमीटर दूर असतं, क्षितिजावर असताना तब्बल तेवीसशे. त्या दोन ठिकाणच्या सिग्नलमध्ये तीस पटींचा फरक पडतो. शिवाय क्षितिजाजवळ केळीच्या बागा, घरं, विजेच्या तारा मध्ये येतात.

पास शोधायला मोबाइलवर 'लुक४सॅट', संगणकावर 'जीप्रेडिक्ट' पुरेसं आहे. त्यांना तीन गोष्टी बरोबर लागतात : तुमची जागा, अचूक घड्याळ आणि ताजे कक्षा-आकडे. या आकड्यांना सगळे टीएलई म्हणतात. एरवी आठवड्यातून एकदा ताजे केले की चालतं. सूर्य खवळलेला असेल तर रोज करा, का ते पुढे येईलच. अॅपच्या पडद्यावर अनेकदा जागतिक वेळ दिलेली असते, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. हा हिशेब चुकल्यामुळे रिकामं आकाश ऐकत बसलेली किती तरी माणसं मी पाहिली आहेत.

जागेचा आणखी एक पत्ता असतो आणि उपग्रहावर तोच सांगायचा असतो : ग्रिड. जगाचे अक्षांश-रेखांशांवर चौकोन पाडलेले आहेत, दोन अंश रुंद आणि एक अंश उंच. खान्देशाचा बहुतेक भाग दोन चौकोनांत येतो. धुळे, चाळीसगाव एमएल ७० मध्ये. नंदुरबार, अमळनेर, भुसावळ एमएल ७१ मध्ये. जळगाव शहर अगदी शिवेवर आहे, एकविसावा अक्षांश शहराजवळूनच जातो, तेव्हा जळगावकरांनी आपल्या गच्चीचा अक्षांश बघूनच ग्रिड सांगावं. ७६ रेखांश ओलांडून रावेरला पोचलात की एमएल ८१ लागतं. जगभर माणसं हे चौकोन गोळा करतात आणि आपल्या चौकोनांतून बोलणारे फार थोडे आहेत. तुमचा एमएल ७० ऐकून पलीकडचा माणूस किती खूश होतो ते एकदा ऐकाच.

पहिली अँटेना हाताने करा

रेडिओबरोबर येणाऱ्या रबरी अँटेनावर स्थानकाचा उंच पास तुटक-तुटक ऐकू येतो, पण त्यावर समाधान मानू नका. १४५ मेगाहर्ट्झची तीन काड्यांची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) घरी होते, आणि तिचा सांगाडा आपल्याकडे कुठल्याही ठिबकच्या दुकानात पडलेला असतो : अर्धा इंची पीव्हीसी पाइप, दोन क्रॉस, एक टी. काड्यांसाठी सुतार वापरतात तो एक इंच रुंद स्टीलचा मेजर टेप घ्या. टेपची अँटेना दारातून नेताना वाकते आणि पुन्हा सरळ होते, सायकलवरही नेता येते.

मापं अशी. मागची काडी १०५ सेंटिमीटर. मधली दोन तुकड्यांची, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर, मध्ये अडीच सेंटिमीटरची फट. पुढची काडी ८९ सेंटिमीटर. मागची ते मधली अंतर २० सेंटिमीटर, मधली ते पुढची ३२. मधल्या दोन तुकड्यांच्या आतल्या टोकांना कोअॅक्स केबल जोडायची : आतली तार एकीला, जाळी दुसरीला. त्याच दोन टोकांवर साडेबारा सेंटिमीटर तारेचा यू आकाराचा आकडा डागायचा. हा आकडा राहिला तर अँटेना रेडिओशी जुळत नाही, म्हणून तो विसरू नका.

डाग देणं हीच यातली अवघड पायरी आहे. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने घासून खालचं पोलाद चकचकीत होईपर्यंत काढा, आधी टेपवर नुसतं कथील चढवून घ्या, मग तार टेकवा. रंगाचा पातळसा थर राहिला तर डाग वरून छान दिसतो आणि नखाने उचकटतो. पाइपला काड्या आवळायला होज क्लॅम्प घ्या, ठिबकवाल्याकडे तेही मिळतात. टेपची कापलेली टोकं पात्यासारखी असतात. त्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, विशेषतः आजूबाजूला लहान मुलं असतील तर.

४३७ मेगाहर्ट्झची यागी मात्र पहिल्याच दिवशी करायला जाऊ नका. तिथे दोन-तीन मिलिमीटरची चूकही जाणवते. सुरुवातीला पितळी तारेचे सोळा-सोळा सेंटिमीटरचे दोन हात करून साधा डायपोल जोडा, ऐकायला तो पुरतो. मग एखाद्या जुन्या हॅमकडे नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेल तर त्याच्याकडे बसून पाच-सहा काड्यांची यागी करा, किंवा दोन्ही पट्ट्यांची तयार हातयागी विकत घ्या.

रेडिओबद्दल थोडक्यात. नुसतं ऐकायला संगणकाला लावायचा छोटा एसडीआर डोंगल (संगणकावर चालणारा रिसीव्हर) उत्तम, कारण त्यावर सिग्नल डोळ्यांनीही दिसतो. बोलायला दोन्ही पट्ट्यांचा पाच वॅटचा हॅन्डसेट पुरे. जमलं तर बोलायला एक आणि ऐकायला दुसरा असे दोन ठेवा. बोलतानाच आपला आवाज वरून परत येताना ऐकू आला, तर अंदाज बांधत बसावं लागत नाही. केबल दोन मीटरपेक्षा लांब ठेवू नका. ४३७ मेगाहर्ट्झवर हलकी लांब केबल निम्मा सिग्नल वाटेतच खाते.

पहिला पास

पहिल्यांदा अंतराळ स्थानकाचा रिपीटर (खालून आलेला आवाज दुसऱ्या वारंवारितेवर परत पाठवणारं यंत्र) ऐका. तो ४३७.८०० मेगाहर्ट्झवर खाली बोलतो. पण हॅन्डसेटमध्ये एकच वारंवारिता ठेवून भागत नाही. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावत जवळ येतं आणि तसंच दूर जातं, त्यामुळे रेल्वेचा भोंगा येताना चढा आणि जाताना उतरलेला ऐकू यावा तसं इथे वारंवारितेचं होतं. हाच डॉप्लर. ४३७ वर तो साधारण दहा किलोहर्ट्झ इकडे-तिकडे होतो. म्हणून पाच मेमरी भरून ठेवा : ४३७.८१०, .८०५, .८००, .७९५ आणि .७९०. पास सुरू होताना पहिली, डोक्यावर असताना मधली, मावळताना शेवटची.

आता स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारी रेडिओतली सोय) पूर्ण उघडा. हे सर्वांत महत्त्वाचं. स्क्वेल्च बंद असला की रेडिओ दुबळा सिग्नल तुमच्यापासून लपवून ठेवतो. खरखर ऐकत राहायचं, आणि सिग्नल आला की ती खरखर आधी दबते, आवाज त्यानंतर येतो. हे दबणं ओळखायला कान तयार झाला की निम्मं काम झालं.

मागच्या हिवाळ्यात अमळनेरजवळच्या एका धाब्यावर दोन कॉलेजच्या मुलांना मी असा पास ऐकवला. स्थानक वायव्येकडून उगवणार होतं. शेजारच्या आजोबांनी खालून विचारलं, "काय रे भो, टीव्हीनी डिश शोधी राह्यना का?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. एकाने अँटेना वायव्येला क्षितिजावर धरली होती, दुसऱ्याच्या हातात रेडिओ. दीड मिनिट नुसती खरखर. मग ती एकदम दबली, पुन्हा आली, पुन्हा दबली. मी त्याला मनगट फिरवायला सांगितलं : दिशा तीच ठेव, फक्त आडव्या काड्या उभ्या कर. काड्या तिरप्या झाल्या आणि माणसाचा आवाज स्वच्छ उघडला, इंग्रजीत कॉलसाइन आणि ग्रिड. मग दुसरा, मग दक्षिण भारतातला वाटणारा तिसरा. स्थानक डोक्यावर आलं तेव्हा आवाज घोगरा झाला. मधल्या मेमरीवर आलो आणि तो पुन्हा मोकळा झाला. आग्नेयेला मावळेपर्यंत मुलांनी सात कॉलसाइन वहीत उतरवली होती. तोवर आजोबा जिना चढून वर आले होते आणि पुढचा पास किती वाजता, असं विचारत होते.

कधी कधी त्या जागी पूर्ण शांतता असेल. अंतराळवीर यानाबाहेर काम करत असले किंवा नवं यान जोडायचं असलं की स्थानकावरचे हॅम रेडिओ बंद ठेवतात. कधी यंत्रणा दुसऱ्या कामात असते : १४५.८२५ वर डेटा पॅकेटची चर्रचर्र, किंवा १४५.८०० वर शाळेतल्या मुलांशी गप्पा. अधूनमधून तिथूनच संथ गतीची चित्रं पाठवतात, ती मोबाइलच्या अॅपवरही उलगडतात, आणि ती टिपायला तुमची टेपची यागी अगदी योग्य. म्हणून निघण्यापूर्वी अॅमसॅट या हॅम-उपग्रहांच्या संघटनेचं स्थितीपत्रक बघा. जगभरचे हॅम तिथे कोणता उपग्रह आत्ता ऐकू आला ते नोंदवत असतात.

जुन्या व्हिडिओंमध्ये १३७ मेगाहर्ट्झवरच्या अमेरिकी नोआ हवामान उपग्रहांपासून सुरुवात करा असं सांगितलेलं सापडेल. ते तिन्ही २०२५ मध्ये बंद केले गेले. चित्रांची हौस असेल तर आता रशियाचे मिटिओर बघा.

आता बोलायचं

परवाना हातात आला, पाच-सहा पास नीट ऐकून झाले, मगच बटणाकडे बोट न्या. स्थानकाच्या रिपीटरला वर १४५.९९० मेगाहर्ट्झवर, ६७ हर्ट्झचा टोन (आवाजासोबत जाणारा सूर, तो असला तरच रिपीटर उघडतो) लावून बोलायचं. वरच्या बाजूला डॉप्लर थोडा असतो, एफएममध्ये तो खपून जातो.

दुसरा सोबती एसओ-५०. सौदी अरेबियाचा हा छोटा उपग्रह २० डिसेंबर २००२ रोजी वर गेला. त्याच्याशी बोलायची रीत जरा वेगळी. वर १४५.८५०, खाली ४३६.७९५ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्झ. त्याला दहा मिनिटांचा टायमर आहे. तो बंद असला तर ७४.४ हर्ट्झचा टोन लावून दोनेक सेकंद बटण दाबलं की सुरू होतो, मग बोलायला ६७ हर्ट्झ. त्याची ताकद पाव वॅट आहे. म्हणजे विजेरीच्या छोट्या दिव्याहून कमी शक्ती हजार किलोमीटरवरून तुमच्या गच्चीवर येते. ती ऐकायची तर आधीची सगळी तयारी का हवी, हे तिथे कळतं.

बोलणं अगदी आखूड ठेवा. फट मिळाली की आपलं कॉलसाइन फोनेटिकमध्ये (अक्षरागणिक ठरलेला शब्द म्हणत), मागे ग्रिड, बस. पलीकडून तुमचं कॉलसाइन आलं की त्याचं कॉलसाइन, तुमचं ग्रिड, "सेव्हन्टी थ्री" (हॅमच्या भाषेत शुभेच्छा), आणि बाजूला व्हा. स्थानक एकाच वेळी दोन-सव्वादोन हजार किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश बघत असतं. आपल्यावर असताना त्यात दुबईपासून श्रीलंका-नेपाळपर्यंतची माणसं रांगेत असतात. हवामान, जेवणखाण विचारायचं असेल तर ते दुसऱ्या पट्ट्यावर. आणि आपला आवाज परत ऐकू येत नसेल तर दुसऱ्यांदा बटण दाबू नका. चूक कुठे आहे ते आधी शोधा.

सूर्य

आता मी केलेली चूक. सप्टेंबर संपत आला होता, रात्रीचे नऊ-साडेनऊ. उंच पास, सगळं नेहमीसारखं, पण आवाज फडफडत होता, पाखरू पंख झटकतं तसा, सेकंदाला अनेकदा. मला वाटलं डाग सुटला. सलग तीन रात्री अँटेना उकलून पुन्हा बांधली, केबल बदलली. पहाटेचा पास मात्र त्याच अँटेनावर लख्ख. दोष माझ्या गच्चीवर नव्हताच, तीनशे-चारशे किलोमीटर वर होता.

सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी वरच्या हवेचे अणू फुटून विद्युतभारित थर तयार होतो, तो आयनोस्फिअर. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिलं रॉकेट उडवलं, ती जागा त्यासाठीच निवडली होती. दिवसा त्या रेषेवरचा भारित वायू कारंज्यासारखा वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून घरंगळत दोन्ही बाजूंना साचतो. उत्तरेकडचा हा ढीग गुजरात-माळव्याच्या आसपास पडतो, म्हणजे आपला खान्देश त्याच्या पायथ्याशीच. सूर्य मावळल्यावर या थरात खालून बुडबुडे उठतात. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत ते आपल्या अक्षांशापर्यंत पोचतात, आणि त्यांतून येणारा सिग्नल लुकलुकतो, तारा लुकलुकावा तसा. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे याचे महिने, रात्री आठ ते मध्यरात्र ही वेळ. १४५ मेगाहर्ट्झवर त्रास जास्त, ४३७ वर कमी. उपाय एकच : पहाटेचा पास धरा.

म्हणून आवाज कसा बिघडलाय ते आधी ओळखा. आवाज सावकाश, काही सेकंदांच्या अंतराने कमी-जास्त होत असेल तर उपग्रह स्वतःभोवती फिरतोय. मनगट फिरवून काड्यांचा कोन बदला. १४५ वर आयनोस्फिअरही लहरींचा कोन पिळत असतो, तेव्हाही हाच इलाज. आवाज हळूहळू घोगरा होत गेला तर डॉप्लर, मेमरी बदला. झपाट्याने फडफड आणि तीही संध्याकाळनंतर, तर सूर्याचा प्रताप. सतत करकर, आणि ती अँटेना एका घराकडे किंवा विहिरीकडे वळवल्यावर वाढत असेल, तर एलईडी दिवे, सोलर पंपाचा इन्व्हर्टर किंवा मोटारीचा स्टार्टर. दहा-वीस मीटर जागा बदला. भुसावळसारख्या ठिकाणी रेल्वेच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारांपासून जरा लांबच बसा.

सूर्यावर स्फोट झाला म्हणजे सगळा रेडिओ बंद पडतो, हा एक मोठा गैरसमज आहे. स्फोटाचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत इथे पोचतात आणि पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला ३ ते ३० मेगाहर्ट्झचा शॉर्टवेव्ह गिळून टाकतात, काही मिनिटं ते तास-दोन तास. आपले १४५ आणि ४३७ त्यातून जवळजवळ सुखरूप निघतात. शॉर्टवेव्हवाले मित्र हताश बसलेले असताना तुमचा पास व्यवस्थित होऊ शकतो.

दुसरा प्रकार सूर्यातून सुटणाऱ्या चुंबकीय वायूच्या लोटाचा. तो पोचायला साधारण एक ते तीन दिवस घेतो, आणि पोचला की पृथ्वीचं चुंबकत्व हलतं. १८५९ च्या सप्टेंबरातलं सर्वांत गाजलेलं वादळ मुंबईतच मोजलं गेलं होतं. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकत्वात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या झाल्या तेव्हा तिथलं चुंबकीय काम अलिबागला नेलं, आणि अलिबागच्या नोंदी १९०४ पासून आजतागायत चालू आहेत. १० मे २०२४ चं वादळ पाच पातळ्यांपैकी पाचव्या पातळीचं होतं, तसं २००३ नंतर प्रथमच झालं. लडाखमध्ये हान्लेच्या आकाशात लाल झाक दिसली.

अशा वादळात वरची विरळ हवा तापून फुगते आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना तिचा अडथळा होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ यामुळेच गेले. आपल्याला याचा अर्थ इतकाच की उपग्रह थोडा खाली घसरतो, वेग वाढतो आणि जुन्या टीएलईच्या आधी उगवतो. म्हणून वादळात टीएलई रोज ताजे करायचे.

रोज बघायचे आकडे दोनच. पृथ्वीचं चुंबकत्व किती हललंय ते सांगणारा केपी निर्देशांक शून्य ते नऊ असतो. पाच किंवा त्याच्या वर गेला की वादळ धरा. दुसरा सौर फ्लक्स, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचं माप : सूर्य शांत असताना ७० च्या आसपास, ऐन भरात २०० च्या पुढे. सध्याचं पंचविसावं सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये भरात आलं. भर ओसरतानाही काही वर्षं मोठी वादळं येत राहतात. आपलं आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ पासून, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून, सूर्याकडेच बघत बसलंय. पासच्या वहीत तारीख, वेळ, कमाल उंची आणि कॉलसाइनांच्या शेजारी हे दोन आकडे लिहीत जा. वर्षभराने त्या पानांवर तुमच्याच गच्चीचं पंचांग तयार झालेलं असेल.

पुढचे दोन

एओ-७ कान देऊन ऐकाच. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी वर गेलेला हा उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन मेला, आणि २००२ मध्ये ते शॉर्ट सुटल्यावर पुन्हा बोलू लागला. बॅटरी गेलेलीच आहे. ऊन पडलं की सोलर पॅनलवर जागा, सावलीत गेला की झोपलेला. १४५.९२५ ते १४५.९७५ च्या दरम्यान त्याचे मोर्स आणि साइडबँडचे आवाज एसडीआरवर सापडतात. या प्रकारात वर बोलायचं ते ४३२ मेगाहर्ट्झवर, म्हणून आपल्याला तो फक्त ऐकण्यापुरता. आपला स्वतःचा हॅमसॅट ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला होता आणि २०१४ मध्ये थांबला. त्यावर बोललेले जुने हॅम अजून त्याची आठवण काढतात.

पासच्या वेळा जमत नाहीत त्यांनी क्यूओ-१०० कडे वळावं. कतारचा हा भूस्थिर उपग्रह २६ अंश पूर्वेवर उभा आहे, चोवीस तास. ऐकायला गच्चीवर गंजत पडलेली साठ सेंटिमीटरची डीटीएच डिश, युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोरचं सिग्नल टिपणारं डोकं) आणि डोंगल एवढंच लागतं. डीटीएचसाठी डिश दक्षिण-आग्नेयेला असते, ही पश्चिम-नैऋत्येला वळवायची : जळगावहून उत्तरेपासून २५३ अंश, क्षितिजावर साधारण ३० अंश. एलएनबीला १३ व्होल्ट द्या, म्हणजे उभं ध्रुवीकरण निवडलं जातं. १०,४८९.५ मेगाहर्ट्झचा सिग्नल तिथून ७३९.५ वर उतरतो, डोंगल त्यावर लावा. एलएनबीचा व्होल्टेज डोंगलमध्ये शिरू देऊ नका, मध्ये बायस-टी (व्होल्टेज फक्त एलएनबीकडे सोडणारा जोड) लागतो.

दिशा साधत नसेल तर सूर्यच मदत करतो. १२ मार्चच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, दुपारी चार ते साडेचारच्या दरम्यान, खान्देशातून बघताना सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येतो. डिश अचूक असेल तर काही मिनिटं खरखर ठळकपणे चढते आणि उतरते. चढली नाही तर डिशला हात न लावता, आणि सूर्याकडे थेट न बघता, त्या क्षणी सूर्य आकाशात कुठे आहे याची खूण शेजारच्या भिंतीवर किंवा झाडाच्या शेंड्यावर धरून ठेवा. संध्याकाळी उन्हं उतरली की डिश त्या खुणेकडे वळवा आणि बोल्ट आवळा.